फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दुर्बीण तपासणी: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या सीटी स्कॅनवर गाठ दिसते आणि डॉक्टर म्हणतात, "दुर्बीण घालून तुकडा घेऊ या." त्यानंतर घरात जे प्रश्न सुरू होतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझ्या वडिलांच्या पहिल्या तपासणीनंतर रिपोर्टात "नमुना निदानासाठी अपुरा" असं आलं होतं. आम्ही त्याचा अर्थ "कॅन्सर निघाला नाही" असा लावला आणि सात आठवडे निवांत बसलो. ते सात आठवडे मला अजून टोचतात. तेव्हापासून जे वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं, ते दुसऱ्या घरांना वेळेत कळावं म्हणून हे लिहितो आहे. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे गैरसमज जास्त, तिथे जास्त थांबलो आहे. तुमच्या रुग्णाबद्दलचा निर्णय अर्थातच त्याला तपासलेले डॉक्टर घेतील.

सीटी स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसते आहे. मग तुकडा कशाला?

सीटी स्कॅन गाठीची जागा, आकार आणि कड दाखवतो. ती कशाची आहे, हे तो खात्रीने सांगू शकत नाही. क्षयाची गाठ, बुरशीचा संसर्ग, सार्कॉइडोसिस, रेंगाळलेला न्यूमोनिया, यातलं काहीही कॅन्सरसारखं दिसू शकतं. पेट स्कॅनही इथे चकवा देतो. ज्या पेशी साखर जास्त खेचतात त्या या स्कॅनमध्ये चमकतात, आणि क्षयाच्या गाठीतल्या पेशीही साखर भरपूर खेचतात. उलट अगदी लहान किंवा सावकाश वाढणारा कॅन्सर कधीकधी चमकतच नाही.

समजा कॅन्सरच आहे, तरी कोणता? स्मॉल सेल की नॉन स्मॉल सेल? नॉन स्मॉल सेल असेल तर अ‍ॅडिनोकार्सिनोमा की स्क्वॅमस? त्यात कोणतं जनुक बिघडलं आहे? दोन रुग्णांच्या सीटीत हुबेहूब सारखी गाठ असते आणि एकाला रोज एक गोळी सुरू होते, दुसऱ्याला केमो. हा फरक फक्त तुकडा सांगतो.

"चिरफाड न करता" म्हणजे नेमकं काय करतात?

श्वास ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने दुर्बीण आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर येते. कातडीवर छेद नसतो, टाके नसतात. तोंडातून किंवा नाकातून घातलेली बारीक, लवचिक नळी स्वरयंत्रातून खाली मुख्य श्वासनलिकेत उतरते. ही नलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते, मग तिच्या डावी-उजवीकडे दोन फांद्या होतात. उजवी फांदी जास्त सरळ आणि रुंद असते, म्हणून ठसक्यात गेलेला शेंगदाणा बहुतेक वेळा उजवीकडेच सापडतो.

पुढे या फांद्यांना फांद्या फुटत जातात, साधारण २३ वेळा. नेहमीची दुर्बीण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे ती सुरुवातीच्या काही फांद्यांपर्यंतच पोहोचते. सुमारे ३ मिलिमीटरची अतिबारीक दुर्बीण आणखी पुढे जाते. पण फुप्फुसाच्या कडेला असलेली गाठ तिलाही डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या वीस वर्षांतलं या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन या न दिसणाऱ्या शेवटच्या टप्प्यासाठी चाललं आहे.

हे तंत्र नवीन आहे का? प्रयोग तर चालला नाही ना?

मूळ तंत्र सव्वाशे वर्षांचं आहे. १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड ताठ नळीतून बाहेर काढलं. त्याआधी असा माणूस बहुधा न्यूमोनियाने जायचा. १९६६ मध्ये जपानच्या शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण जगापुढे आणली आणि पूर्ण भूल न देता ही तपासणी करणं सोपं झालं. दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीत बघत बघत सुई मारण्याची पद्धत जपानमधल्या डॉक्टरांनी २००४ च्या सुमारास प्रसिद्ध केली. आज ती जगभर रोज होते. रोबोटच्या हाताने चालणारी दुर्बीण मात्र खरोखर अलीकडची. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

खूप दुखतं का? गुदमरायला होतं का?

श्वासनलिका आतून जवळजवळ दुखत नाही, पण तिला खोकला फार लवकर येतो. खरा त्रास असतो तो खोकल्याचा आणि घशाशी काहीतरी आल्यासारखं वाटण्याचा. म्हणून आधी घशात लिग्नोकेनचा फवारा मारतात. तो कडवट लागतो, घसा बधिर होतो आणि गिळता येत नाही असं वाटू लागतं. गिळता येत असतं, फक्त जाणवत नसतं. शिरेतून गुंगीचं औषध देतात. बऱ्याच जणांना नंतर तपासणी नीट आठवतही नाही.

नळी श्वासनलिकेपेक्षा पुष्कळ बारीक असते, बाजूने हवा जात राहते. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप लावलेली असते आणि नाकातून ऑक्सिजन चालू असतो. लांब चालणाऱ्या किंवा रोबोटने करायच्या तपासणीला पूर्ण भूल देतात.

ईबस म्हणजे काय? साध्या दुर्बीण तपासणीपेक्षा (ब्रॉन्कोस्कोपीपेक्षा) त्यात वेगळं काय आहे?

साध्या दुर्बिणीला नळीची आतली भिंत दिसते, भिंतीपलीकडचं काही दिसत नाही. फुप्फुसाचा कॅन्सर पसरताना पहिल्यांदा बहुधा भिंतीपलीकडच्या लसिका ग्रंथींत (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या ग्रंथींत) जातो. ईबस म्हणजे एंडोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंड, त्याच्या दुर्बिणीच्या टोकाशी छोटी सोनोग्राफी असते. तिच्यात ग्रंथी दिसतात, शेजारच्या रक्तवाहिन्याही दिसतात, आणि सुई ग्रंथीत शिरताना पडद्यावर प्रत्यक्ष पाहता येते.

या ग्रंथींना क्रमांक दिलेले आहेत. रिपोर्टात "४आर", "७", "११एल" असं वाचून घाबरू नका, ते पत्ते आहेत. चार क्रमांकाच्या ग्रंथी मुख्य नलिकेच्या खालच्या भागाशेजारी असतात, सात क्रमांकाच्या नलिका दुभंगते तिथे खाली, आर म्हणजे उजवी, एल म्हणजे डावी. पाच आणि सहा क्रमांकाच्या ग्रंथी महाधमनीच्या आडोशाला असल्याने ईबसच्या नेहमीच्या वाटेने तिथे पोहोचता येत नाही. आठ आणि नऊ अन्ननलिकेतून घातलेल्या दुर्बिणीने गाठता येतात.

चांगलं ईबस कसं ओळखायचं, याची एक खूण मला एका डॉक्टरांनी समजावली. सुई आधी गाठीच्या विरुद्ध बाजूच्या ग्रंथींत मारायची, मग मधल्या, आणि सर्वांत शेवटी गाठीजवळच्या. क्रम उलटा झाला, तर गाठीजवळच्या कॅन्सरच्या पेशी सुईबरोबर विरुद्ध बाजूच्या नमुन्यात जाऊ शकतात. मग ज्याचं ऑपरेशन होऊ शकलं असतं त्याला "पुढचा टप्पा" ठरवलं जाण्याची भीती असते. एका साध्या क्रमावर माणसाचा इलाज अवलंबून आहे, हे समजल्यापासून मी रिपोर्टात तपासलेल्या ग्रंथींची यादी आधी पाहतो.

ऑपरेशनच करायचं ठरलं आहे. मग आधी ग्रंथी तपासून वेळ का घालवायचा?

कारण ग्रंथींत रोग असेल तर इलाजाचा क्रम बदलतो. युरोपातल्या २४१ रुग्णांच्या अभ्यासात, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, एका गटात मानेखाली छेद देऊन ग्रंथी तपासल्या. दुसऱ्या गटात आधी दुर्बिणीची सोनोग्राफी केली आणि तिच्यात काही सापडलं नाही तरच छेद दिला. पहिल्या गटात शंभरातल्या १८ जणांची छाती विनाकारण उघडली गेली, दुसऱ्यात ७ जणांची.

आणि वेळ वाया जात नाही, वाचतो. ब्रिटनमधल्या १३३ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात सुरुवातीलाच ईबस केलेल्यांपैकी निम्म्यांचा इलाज १४ दिवसांत ठरला, नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी निम्म्यांचा २९ दिवसांत. घरी वाट पाहत बसलेल्याला पंधरा दिवस म्हणजे काय, हे ज्याने काढलेत त्यालाच कळतं.

गाठ फुप्फुसाच्या कडेला आहे. तिथे दुर्बीण पोहोचते का?

इथे खरी कसोटी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी केलेल्या सीटीवरून संगणक श्वासनलिकांचा त्रिमितीय नकाशा बनवतो आणि गाठीपर्यंतची वाट आखतो. मग विद्युतचुंबकीय खुणेने किंवा दुर्बिणीचा आकार ओळखणाऱ्या तंतूने दुर्बीण या क्षणी नकाशावर कुठे आहे ते कळतं. याला नेव्हिगेशन म्हणतात. रोबोट या नेव्हिगेशनला स्थिर हात देतो. गाठीसमोर आल्यावर दुर्बीण हलत नाही आणि वाकड्या कोपऱ्यातही टोक हवं तिकडे रोखून धरता येतं.

पण नकाशा काढला तेव्हा रुग्ण जागा होता आणि खोल श्वास रोखून धरलेला होता. तपासणीच्या वेळी तो भुलीत असतो, फुप्फुस तेवढं फुगलेलं नसतं आणि पाठीकडचा भाग बसकाही झालेला असतो. त्यामुळे गाठ नकाशावरच्या जागेवरून सरकते, कधी एक-दोन सेंटिमीटरसुद्धा. दीड सेंटिमीटरच्या गाठीसाठी हे अंतर म्हणजे पूर्ण चूक. पडद्यावर "पोहोचलो" दिसतं आणि सुई निरोगी फुप्फुसात असते. यावर उपाय म्हणून तपासणीच्या टेबलावरच फिरता सीटी घेऊन सुई खरोखर गाठीत आहे का ते बघतात, आणि भूलतज्ज्ञ श्वास देण्याची पद्धत बदलून फुप्फुस फुगलेलं ठेवतात. गाठीत शिरलेली किंवा तिला चिकटून गेलेली नलिका सीटीत दिसत असेल तर यश मिळण्याची शक्यता वाढते.

रोबोट असला म्हणजे निदान नक्की, असं मात्र समजू नका. रोबोट आणि जुनी विद्युतचुंबकीय पद्धत यांची थेट तुलना केलेल्या एका यादृच्छिक (गट चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) चाचणीत दोन्हींचं निदानाचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. माझ्या मते यंत्राचं नाव विचारण्याऐवजी, सुई गाठीत आहे हे त्या वेळी कसं तपासणार, ते विचारावं.

बाहेरून सीटीत बघून सुई मारणं सोपं नाही का?

सोपं आहे, आणि पुष्कळदा योग्यही असतं, विशेषतः गाठ छातीच्या भिंतीला लागून असेल तेव्हा. पण बाहेरून जाणारी सुई फुप्फुसाच्या आवरणाला भोक पाडून आत जाते. त्यातून हवा बाहेर येऊन छातीच्या पोकळीत साचू शकते. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

१० ते ३० मिलिमीटरच्या गाठींसाठी या दोन वाटांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या सात केंद्रांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अचूक निदान नेव्हिगेशन दुर्बिणीने ७९ टक्के रुग्णांत झालं, बाहेरच्या सुईने ७३.६ टक्के रुग्णांत. म्हणजे दुर्बीण कमी पडली नाही. हवा साचण्याचं प्रमाण मात्र ३.३ टक्के विरुद्ध २८.३ टक्के होतं. छातीत नळी घालावी लागणं किंवा त्यासाठी भरती व्हावं लागणं ०.८ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. ज्याचं फुप्फुस आधीच एम्फिसीमाने (हवेच्या बारीक पिशव्या नासवणाऱ्या आजाराने) पोकळ झालं आहे त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता त्याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. ७९ टक्के म्हणजे पाचातल्या एकाला अचूक उत्तर मिळालं नाही. आणि हे सराव असलेल्या केंद्रांतलं चित्र आहे.

रिपोर्ट "निगेटिव्ह" आला. सुटलो का?

हा प्रश्न मी सर्वांत आधी लिहायला हवा होता.

"कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत" या एकाच वाक्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, नमुन्यात दुसऱ्या आजाराचा ठोस पुरावा सापडला, उदाहरणार्थ क्षयाचे जंतू. हे खरं उत्तर आहे. दोन, नमुन्यात फक्त साधारण फुप्फुस किंवा थोडी सूज आली. म्हणजे सुई कदाचित गाठीत गेलीच नव्हती. तीन, नमुना अपुरा किंवा नुसतं रक्त आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात प्रश्न तसाच उभा असतो. ग्रंथीच्या नमुन्यात लसिका पेशीच नसतील, तर ती ग्रंथी तपासली गेली असं धरता येत नाही.

संशोधकांमध्येही यावर बराच वाद झाला. काही अभ्यास "थोडी सूज" या निकालालाही यशस्वी निदान मानत होते आणि त्यामुळे त्यांचे आकडे फुगत होते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून कडक व्याख्या सुचवली: नमुन्यात कॅन्सर किंवा गाठीचं कारण ठरेल असा ठरावीक सौम्य आजार दिसला तरच निदान झालं म्हणायचं. घरच्यांनीही हीच व्याख्या वापरावी. रिपोर्ट हातात आला की एकच विचारायचं, "ही गाठ कशामुळे आहे, ते यात लिहिलं आहे का?" उत्तर "नाही" असेल तर पुढचं पाऊल आणि त्याची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या. पुन्हा दुर्बीण, बाहेरून सुई, ऑपरेशन, किंवा ठरावीक आठवड्यांनी परत सीटी, काहीही असेल, पण तारखेसकट.

किती नमुना पुरेसा असतो?

पूर्वी "कॅन्सर आहे" एवढं कळलं की काम झालं होतं. २००४ मध्ये ईजीएफआर जनुकातले बदल सापडले, २००७ मध्ये एएलके, आणि मग अशी यादी वाढत गेली. ईजीएफआर बदल असलेल्या, ऑपरेशन झालेल्या रुग्णांना ऑसिमर्टिनिब गोळी दिल्यावर पाच वर्षांनी ८८ टक्के हयात होते, ती न मिळालेल्या गटात ७८ टक्के. या गोळीचा मार्ग नमुन्यातून जातो. त्याच नमुन्यावर पीडी-एल१ या प्रथिनाची चाचणीही करायची असते, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचाराचा) विचार करण्यासाठी.

म्हणून सुई एकदा मारून भागत नाही. नमुना तिथल्या तिथे तपासणारा तज्ज्ञ खोलीत नसेल तर एका ग्रंथीत किमान तीन वेळा सुई फिरवावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. जनुकांच्या चाचण्यांसाठी त्याहून जास्त. खोलीत पॅथॉलॉजिस्ट असेल तर तो काचपट्टी लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघून "पेशी मिळाल्या" किंवा "अजून घ्या" असं सांगतो.

नमुना कशात ठेवतात हेही महत्त्वाचं. फॉर्मालिनमध्ये पेशी टिकतात पण जंतू मरतात. क्षयाची शंका असेल तर एक भाग सलाईनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. हे तपासणीच्या आधी बोलून घेता येतं, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट अलीकडे बदलली. आता बऱ्याच रुग्णांना ऑपरेशनच्या आधीच केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र देतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असं केल्यावर २४ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. नुसत्या केमोच्या गटात हे प्रमाण २.२ टक्के होतं. यात आनंदच आहे. पण मग मूळ, औषध न लागलेली गाठ कशी होती याची साक्ष द्यायला तो दुर्बिणीतून आलेला छोटा तुकडाच उरतो.

रक्ताच्या चाचणीने हे सगळं टाळता येत नाही का?

काही प्रमाणात येतं. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात सांडतो, त्यात जनुकबदल शोधता येतात. रोग पसरलेला असेल किंवा गोळी चालेनाशी झाली असेल तेव्हा ही चाचणी खूप उपयोगी पडते. पण रोग लहान असताना रक्तात डीएनए फारच थोडा असतो. बदल सापडला तर तो धरायचा, न सापडला तर "नाही" म्हणता येत नाही.

सुई लावली की कॅन्सर भडकतो म्हणतात. खरं आहे?

नाही. ही भीती इतकी खोल आहे की तिच्यापायी लोक तपासणी महिनोन्महिने पुढे ढकलतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, पण त्या अगदी विरळ आहेत. तपासणीनंतर रोग वाढलेला दिसतो कारण तो आधीपासून वाढतच असतो. तपासणी उशिरा झाली की हा योगायोग जास्त ठळक दिसतो, आणि मग दोष सुईवर येतो.

गाठीने श्वासनलिका बुजत आली आहे. दुर्बिणीतून मोकळी करता येते?

येते. बहुधा पूर्ण भुलीखाली ताठ दुर्बिणीतून, किलियन यांच्या नळीच्या आजच्या रूपातून, हे काम होतं. लेसर, विजेची उष्णता, आर्गॉन वायू किंवा गोठवणारी कांडी वापरून गाठ जाळतात, कापतात, ओढून काढतात. उष्णता वापरताना ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, नाहीतर श्वासनलिकेत आग लागण्याचा धोका असतो. ऑक्सिजन कमी केल्याचं कळून नातेवाईक घाबरतात, तो सुरक्षिततेसाठीच कमी केलेला असतो.

गाठ बाहेरून दाबत असेल तर आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. सिलिकॉनचा स्टेंट फ्रान्सच्या दुमाँ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला, तो काढता येतो पण सरकू शकतो. धातूचा स्टेंट सहसा सरकत नाही, मात्र जाळीतून पेशी वाढल्या की काढणं अवघड होतं. दोन्हींत कफ अडकतो, म्हणून सलाईनची वाफ नियमित घ्यावी लागते. स्टेंट असल्याचं कार्ड खिशात ठेवा. पुढे कधी दुसऱ्या कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर श्वासाची नळी घालणाऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे.

अपेक्षा किती ठेवायची? अमेरिकेतल्या १,११५ प्रक्रियांच्या नोंदींत नलिका मोकळी होण्याचं यश ९३ टक्के होतं, पण धाप लक्षणीय कमी झाली ती ४८ टक्क्यांत. ज्यांची धाप आधी जास्त होती त्यांना फायदाही जास्त झाला. अडथळ्याच्या पलीकडचं फुप्फुस जिवंत असेल तरच वाट उघडून उपयोग होतो. यामुळे मूळ रोग बरा होत नाही. पण ज्याला आडवं पडता येत नव्हतं तो त्या रात्री झोपतो, आणि केमो किंवा रेडिएशन सोसण्याइतका श्वास मिळतो.

दुर्बिणीतूनच कॅन्सर कायमचा काढता येईल का?

नलिकेच्या अस्तरापुरता, अगदी वरवरचा कॅन्सर असेल तर प्रकाशाने चालू होणाऱ्या औषधासारख्या उपायांनी तो जाळता येतो. असे रुग्ण थोडे. फुप्फुसाच्या कडेच्या गाठी आतूनच मायक्रोवेव्हने किंवा विजेच्या स्पंदांनी मारण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते अजून संशोधनात मोडतात. सुरुवातीच्या टप्प्यात ऑपरेशन, आणि ते झेपणार नसेल तर नेमका रोखलेला रेडिएशनचा उपचार, हेच आजचे भरवशाचे मार्ग आहेत.

ऑपरेशनही लहान होत चाललं आहे. जपानमध्ये १,१०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, कडेच्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, फुप्फुसाचा पूर्ण खंड काढण्याऐवजी त्याचा छोटा भाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी हयात होते. पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के.

कधीच सिगारेट ओढली नाही, तरी कॅन्सर होऊ शकतो?

होय. त्यातल्या बऱ्याच जणांत ईजीएफआर किंवा एएलके सारखा बदल सापडतो, म्हणून त्यांच्या नमुन्याची जनुक तपासणी अजिबात चुकवू नये.

लक्षणं नसताना तपासून घ्यावं का?

बरीच वर्षं खूप धूम्रपान केलेल्यांसाठी किरणांच्या कमी मात्रेच्या सीटीचा फायदा सिद्ध झाला आहे. अमेरिकेत ५३,४५४ लोकांवर झालेल्या चाचणीत, २०११ मध्ये निष्कर्ष आले, साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. साध्या एक्स-रेने हा फायदा मिळत नाही. त्याच चाचणीत सीटीवर सापडलेल्या संशयास्पद गोष्टींपैकी ९६.४ टक्के शेवटी कॅन्सर नव्हत्या. म्हणून तिथे गाठ सापडली की लगेच सुई घ्यायची नसते. आकार आणि वाढीचा वेग पाहून ठरवायचं असतं.

तपासणीआधी आणि नंतर काय लक्षात ठेवायचं?

साधारण सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही. रक्त पातळ करणाऱ्या प्रत्येक गोळीचं नाव आधीच सांगा. क्लोपिडोग्रेल सहसा काही दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. नंतर घसा बधिर असेपर्यंत खाणंपिणं नको, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्या दिवशी गाडी चालवू नका.

संध्याकाळी थोडा ताप, एक-दोन दिवस कफात रक्ताचे धागे, हे होऊ शकतं. रक्त चमचाभर किंवा जास्त पडू लागलं, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा ताप दुसऱ्या दिवशीही चढता राहिला, तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

"संशोधनात सहभागी व्हाल का?" असं विचारलं. काय उत्तर द्यावं?

वरचा प्रत्येक आकडा कुणीतरी "हो" म्हटल्यामुळे आपल्याला मिळाला आहे. तरी घाईत सही करू नका, कागद घरी नेऊन वाचायचा हक्क असतो. कोणत्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टर निवडत नाहीत. त्यामागे पक्षपात टाळण्याचा हेतू असतो. नकार दिला किंवा अर्ध्यातून बाहेर पडलात तरी नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. जादा तपासण्या कोणत्या, त्यांचा खर्च कोणाचा, इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे लेखी असलं पाहिजे.

आणि दुर्बिणीचा अभ्यास असेल तर आणखी एक विचारा. पॅथॉलॉजीत तुमचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. संशोधनासाठी त्यातून काप घेणार असतील, तर आधी उपचाराला लागणाऱ्या सगळ्या चाचण्या होणार का, आणि उद्या नवीन चाचणी निघाली तर तिच्यासाठी ठोकळ्यात काही शिल्लक ठेवणार का? याचं "हो" संमतीपत्रावर लिहून घ्या.